आली का लस?

फ्लूची लस आमच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये वर्षातले बरेच महिने नुसती पडून असते. एप्रिल-मेच्या सुमाराला कंपनीचा एमआर येतो, नवा माल आल्याचं सांगतो, दोन-चार पत्रकं ठेवून जातो. लहान मुलांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या आया सोडल्या तर विचारायला कोणी येत नाही. मग पाऊस लागतो, ताप-खोकल्याच्या चिठ्ठ्या वाढतात आणि एक दिवस पेपरात बातमी येते की स्वाइन फ्लूने शहरात माणूस गेला. त्या दिवशी शटर अर्धं वर जातं न जातं तोच फोन वाजतो. दुपारपर्यंत आमच्याकडचा माल संपतो, संध्याकाळपर्यंत गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडचा संपतो, आणि मग कितीतरी आठवडे काउंटरपलीकडून एकच प्रश्न येत राहतो: "ताई, आली का लस?"

आमचं मेडिकल सिडकोत, पवननगरच्या अंगाला. कागदोपत्री या भागाला नवीन नाशिक म्हणतात, राहणारे सिडकोच म्हणतात. गिऱ्हाईक बहुतेक अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत जाणारं, त्यांच्या घरचं, नाहीतर त्याच कारखान्यांतून निवृत्त झालेलं. दुकान सासऱ्यांनी टाकलं. मी फार्मसी शिकून या घरात आले आणि हळूहळू काउंटर माझ्याकडे आला. औषध नाही असं सांगणं आमच्या धंद्यात रोजचंच आहे. एका कंपनीची गोळी नसली तर डॉक्टरांना फोन करून दुसरीची देता येते, उद्या मागवून ठेवते म्हणता येतं. लशीच्या तुटवड्यात यातलं काहीच चालत नाही. समोरच्याला भीती वाटते आहे, घरी कोणीतरी त्याची वाट बघतं आहे, आणि माझ्याजवळ देण्यासारखं काही नाही. अशा वेळी माणसं कशी वागतात हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी २००९ चं सांगते, कारण तो अनुभव वेगळा होता. त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू. त्याच महिन्यात नाशिकमधले एक तरुण डॉक्टर गेले, आणि मग इथली भीती पुण्याची राहिली नाही. डॉक्टरच जातो तर आपलं काय, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं. मास्क संपले. लोक रुमाल बांधून फिरायला लागले. कापूर आणि वेलचीची पुरचुंडी करून मुलांच्या गळ्यात बांधायची टूम निघाली, आणि किराणावाल्यांकडचा कापूर आमच्या मास्कांच्या आधी संपला. टॅमिफ्लू सुरुवातीला फक्त सरकारी दवाखान्यांतून मिळायची, आम्हाला विकायची परवानगीच नव्हती. आणि लस तर जगातच तयार व्हायची होती.

त्या वेळी भीती आजच्यापेक्षा जास्त होती, पण माझ्या काउंटरवर भांडण झाल्याचं आठवत नाही. कोणाकडेच काही नव्हतं. मंत्र्याला नाही, शेठजींना नाही, शेजारच्याला नाही. "ताई, आहे का काही?" असं लोक विचारायचे, "नाही हो" म्हटलं की मान हलवून जायचे. त्यांना संशय येण्याचं कारणच नव्हतं. २०१० च्या पावसाळ्यापर्यंत भारतात बनलेल्या लशी आल्या. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची टोचायची आणि पुण्याच्या सीरमची नाकात फवारायची. त्यानंतर लस 'असते' हे लोकांना ठाऊक झालं. असते, पण आज नाही, असं सांगायची वेळ आली तेव्हा काउंटरवरचं वातावरण बदललं.

२०१८ चा भाद्रपद मला त्यासाठीच लक्षात आहे. त्याआधी २०१५ साली राज्यात स्वाइन फ्लूने ९०० वर माणसं गेली होती, २०१७ साली ७७८. २०१८ मध्ये आकडा त्याहून कमी राहिला, पण त्या वेळी जोर होता तो पुण्याकडे आणि आमच्या नाशिककडे. १३ सप्टेंबरला गणपती बसले. मंडळांच्या मांडवांत गर्दी, दिवसाआड पाऊस, आणि रोज सकाळी पेपरात कुठल्या रुग्णालयात किती दाखल, किती गेले याची चौकट. घशातल्या स्रावाचे नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचे, अहवाल यायला वेळ लागायचा, आणि त्या मधल्या काळात अख्ख्या गल्लीला घाम फुटलेला असायचा.

लस नेमकी तेव्हाच का नव्हती, हे मी त्या महिन्यात इतक्या जणांना सांगितलं की ते बोलणं माझं पाठ झालं. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नवी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते की येत्या हंगामासाठी लशीत कोणते विषाणू घालायचे: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. तिथून लस तयार होऊन बाजारात यायला सहा-आठ महिने जातात. दक्षिणेसाठी केलेला माल आपल्याकडे उन्हाळ्यात येतो, उत्तरेसाठी केलेला सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात. आपला फ्लू मात्र पावसाळ्यात जोर धरतो. म्हणजे उन्हाळ्यातला माल आटलेला आणि नवा वाटेत, अशा फटीत आपला ऑगस्ट-सप्टेंबर सापडतो. त्यात आदल्या वर्षी घोळ असा झालेला की विषाणूच बदलला होता. २००९ पासून लशीत स्वाइन फ्लूचा कॅलिफोर्निया नावाचा प्रकार असायचा, २०१७ पासून मिशिगन आला. त्या साली शिकलेली माणसं चष्मा वर करून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची आणि "ही मिशिगनची आहे ना?" म्हणून खात्री करून घ्यायची. जुन्या प्रकारचा माल अंगावर पडलेले होलसेलवाले पुढच्या वर्षी मागणी नोंदवताना हात आखडणार हे उघड होतं. लस ही गारव्यात जपायची वस्तू. गेलेला माल आमच्याकडून परत घेत नाहीत, मुदत संपली की तोटा ज्याने मागवली त्याचाच. म्हणून ज्याने मागच्या उन्हाळ्यात वीस विकल्या तो यंदाही वीसच मागवतो. सप्टेंबरमध्ये दोनशे माणसं दारात उभी राहतील हा हिशेब मे महिन्याच्या वहीत कुठेच नसतो.

हे सगळं लोक ऐकून घ्यायचे. पटायचंही. आणि तरी मान वाकडी करून माझ्या मागच्या फ्रिजकडे बघायचे.

"आत असेल एखादी, बघा ना" हे सगळ्यांचं पहिलं वाक्य. मग "पैशाचं काही नाही, जास्त घ्या." मग "त्या अमक्यांना मिळाली म्हणे." आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू, रोज रक्तदाबाची गोळी नेणाऱ्या, घरच्यासारख्या, त्यांनी एका संध्याकाळी विचारलं, "खरं सांग गं, पाहुण्यांसाठी ठेवलीयस ना?" त्या रागाने बोलत नव्हत्या. मी ठेवली असणार आणि ते साहजिकच आहे, असं धरून त्या बोलत होत्या. त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही. माणसं माझ्यावर चिडली असती तर मी सोसलं असतं. पण ज्यांना वर्षानुवर्षं औषध दिलं त्यांनी माझ्याबद्दल हे मनात धरलं असेल तर काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्यासारखा छोटा काळा फळा आणला आणि काउंटरवर उभा केला. 'फ्लूची लस: शिल्लक ०. मागणी दिलेली आहे. पुढची माहिती मंगळवारी संध्याकाळी.' फळ्याशेजारी दोरीला बांधलेली वही. नाव, वय, फोन, आजार, डॉक्टरांची चिठ्ठी आहे की नाही. वहीच्या पहिल्या पानावर क्रम लिहिला: गरोदर बायका, ज्या मुलांचा पहिला डोस झालाय आणि दुसरा राहिलाय ती, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, घरात रुग्ण सांभाळणारे, मग बाकीचे, नाव नोंदवल्याच्या क्रमाने. राज्य सरकारची मोफत लस त्या काळात गरोदर बायकांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना दिली जात होती, तोच धागा मी पुढे नेला. माझे मिस्टर म्हणाले, "दुकान आहे आपलं, आरोग्य केंद्र नाही." मग त्यांनीच ती वही रेघा मारून नीट आखून दिली.

फळ्याने लस आली नाही. पण फ्रिजकडे वाकून बघणं थांबलं. मंगळवारी संध्याकाळी लोक यायचे, फळा वाचायचे, आपलं नाव कितवं आहे ते बघायचे आणि जायचे. 'उद्या या' असं मी कोणाला म्हणाले नाही. उद्या या म्हणणं सोपं असतं. त्या माणसाचा उद्याचा अर्धा रोज त्यात बुडतो.

लस थोडी थोडी येत राहिली. गोळे कॉलनीतून फोन यायचा, मिस्टर थर्माकोलचा डबा घेऊन जायचे. डबा उघडायचा क्षण मला अजून आवडतो. वरचे जेलपॅक बाजूला करायचे, आतली खोकी हाताला गार लागतात की बर्फासारखी थंड हे आधी बघायचं, मग थर्मामीटर, मग बॅच नंबर, मुदत, आणि मग एकेक सिरिंज उजेडाकडे धरून आत काही साकळलंय का ते पाहायचं. दोन ते आठ अंश, त्याच्या वर नाही आणि खाली तर नाहीच. लोकांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं. फ्लूची लस एकदा गोठली की गेली.

हे मला एका माणसाला सांगावं लागलं. तिशीतला, अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर. आईला दमा, वहीत तिचं नाव होतं, पण त्याला धीर निघाला नाही. मुंबईतल्या मित्राने तिथल्या मेडिकलमधून दोन लशी मिळवल्या. हा रजा टाकून गेला आणि संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने परत आला. नाशिकरोडला उतरून थेट आमच्याकडे, आम्ही शटर ओढायच्या बेतात. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात बर्फ, बर्फात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन सिरिंज. गाडीत प्रत्येक स्टेशनला त्याने बर्फ तपासला होता, इगतपुरीला चहावाल्याकडून आणखी घेतला होता. "बघा ताई, जराही वितळू दिला नाही."

मी सिरिंज उजेडाकडे धरल्या. एकीत बर्फाचा कण अजून दिसत होता. त्याला कसं सांगावं हे मला कळेना, म्हणून मी सरळ सांगितलं. तो काही वेळ ऐकत राहिला, मग चढ्या आवाजात म्हणाला की तिकडच्या दुकानदाराने तर बर्फ लाव असंच सांगितलं होतं. मग म्हणाला, "दिली तर काय होईल? वाईट तर काही होणार नाही ना?" मी म्हटलं, वाईट होवो न होवो, आईला वाटेल लस घेतलीय, आणि ती निर्धास्त बाजारात जाईल. त्यावर तो बोलला नाही. दोन्ही सिरिंज काउंटरवर ठेवून डबा तेवढा घेऊन गेला. त्याच्या आईचं नाव वहीत होतं तिथेच राहिलं, आणि पुढच्या आठवड्यात क्रमाने तिला लस मिळाली. पण त्या रात्रीचा त्याचा आवाज मला सप्टेंबर आला की ऐकू येतो. इतकं करणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात कोणी एक शब्द सांगितला असता, तर तीच लस त्याला आमच्या फ्रिजमधून चालत येऊन नेता आली असती.

त्याच सुमाराला एका कारखान्यातून गृहस्थ आले. साहेब लोकांसाठी पन्नास लशी हव्या होत्या, आणि छापील किमतीच्या वर देण्याची तयारी होती. छापील किमतीच्या वर घेणं हा गुन्हा आहे हे मी सांगितलं. ते म्हणाले, बिल छापील किमतीचंच करा. मी वही पुढे केली. नाव लिहा म्हटलं, वय लिहा, आजार लिहा. ते वहीकडे बघत राहिले. त्यांच्याच कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांची नावं त्या पानावर होती, त्यांच्या बायकांची, पोरांची. त्यांनी ती ओळखली असतील की नाही, माहीत नाही. पन्नास मिळणार नाहीत हे कळल्यावर ते निघाले. दोन दिवसांनी परत आले ते स्वतःच्या मधुमेही वडिलांचं नाव लिहायला, आणि रांगेतल्या क्रमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

एका स्थानिक पुढाऱ्याचा कार्यकर्ताही आला होता, दहा लशी आणि तातडीने. त्यालाही वहीच दाखवली. तो मुलगा बरा होता, वही वाचून म्हणाला, "भाऊंना सांगतो, नाहीये." आणि बाहेर पडताना वळून विचारलं, "बायकोला सातवा महिना आहे, तिचं लिहू का?" मी म्हटलं, तुझ्या भाऊंच्या दहांच्या आधी तिचंच.

गरोदर बायकांना लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते हे त्या वस्तीत कित्येकांना माहीतच नव्हतं. बाजारातली लस हजाराच्या आसपास जायची, म्हणजे रोजंदारीवाल्याची दोन-तीन दिवसांची कमाई. एक कंत्राटी कामगार खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून मोजायला लागला, तेव्हा मी त्याला आधी सरकारी केंद्रात पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी परत आला, तिथलीही संपली होती. त्या वेळी माझ्याकडे एक शिल्लक होती आणि क्रमाने ती त्याच्याच बायकोची होती. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनी ते पाहिलं. फळ्यावर 'शिल्लक १' मी त्यांच्यासमोर पुसून '०' केलं. दोघांतला एक म्हणाला, "चला, आता मंगळवारी." त्याला राग आला नव्हता. लस कोणाला गेली आणि का गेली हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सगळ्यात अवघड होतं ते मुलांच्या दुसऱ्या डोसचं. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा लस देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतलेल्या मुलांच्या आया सप्टेंबरमध्ये आल्या, तेव्हा दुसरा देण्याजोगा माल नव्हता. त्या आया चिडायच्या, रडायच्या, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण त्यांनी वेळेत केलं होतं. उशिरा जागे झालेल्यांची गर्दी त्यांच्या मुलांच्या वाट्याची लस घेऊन गेली होती. वहीतला दुसरा क्रम मी त्यांच्यासाठी घातला तो एका आईच्या बोलण्यावरून. "एक घेतलीय म्हणून आम्ही मागे का?" असं तिने विचारलं होतं.

आणि एक जोडपं होतं, दोघंही सत्तरीचे, दोघांनाही साखर. त्यांचा नंबर आला त्या दिवशी लस एकच होती. मी दोघांनाही सांगितलं की दुसरी कधी येईल ते आज सांगता येत नाही. आजोबा म्हणाले हिला द्या. आजी म्हणाल्या, "मी घरात असते. दूध, भाजी, बँक, दवाखाना सगळं हेच करतात. बाहेरून घरात आणणार तर हेच आणणार. यांना टोचा." त्या बोलल्या ते वैद्यकशास्त्राला धरून होतं, आणि आजोबांना उत्तर सुचलं नाही. लस त्यांना दिली. आजींना पुढच्या खेपेत मिळाली.

तुटवड्यात माणसं स्वार्थी होतात असं सरसकट म्हणतात. मी पाहिलं ते असं की माणसं आपल्या माणसासाठी धडपडतात, आणि पुढचा आपल्याआधी का हे नीट कळलं तर बहुतेक जण थांबतात. थांबत नाहीत ते थोडे. पण आवाज त्यांचाच ऐकू येतो, आणि बातमीही त्यांचीच होते.

नवरात्र आलं, कालिकेची यात्रा भरली, सप्तशृंगगडाकडे चालत जाणाऱ्यांचे जथे निघाले आणि त्याच दिवसांत नवा माल पुरेसा यायला लागला. दिवाळीपर्यंत वहीतली अर्धी नावं मी फोन करून बोलावली तरी आली नाहीत. "आता काय गरज ताई, थंडी पडली." पेपरातली चौकट बंद झाली होती, तिच्याबरोबर भीतीही गेली. जानेवारीत माझ्या फ्रिजमध्ये पुन्हा लशी पडून होत्या.

२०२१ ला तोच प्रश्न, तेच शब्द, पण लस वेगळी, कोरोनाची, आणि माझ्या दुकानात कधीच न आलेली. ७ एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की राज्याकडे १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील एवढेच. त्यानंतर केंद्रांवर 'लस उपलब्ध नाही' चे कागद लागायला लागले. त्याच महिन्यात गोळे कॉलनीत रेमडेसिविरसाठी लोक रांगा लावून उभे होते, आणि २१ तारखेला झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून रुग्ण गेले, ते शहर विसरणार नाही. त्या एप्रिलमध्ये कोणी कोणाशी कसं वागलं याचा न्याय करण्याची माझी तयारी नाही.

मे महिन्यात १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि आमच्या वस्तीतली पोरं मोबाइलवर स्लॉट धरायला बसली. शहरात मिळेना म्हणून इगतपुरी, सिन्नर, दिंडोरीच्या केंद्रांवर नोंदणी करून गाड्या काढून जायची. तिथली माणसं म्हणायची, आमच्या गावची लस नाशिकवाले घेऊन चालले. आणि त्याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आशा ताई दारोदार फिरत होत्या आणि लोक दारं लावून घेत होते. १२ मेला राज्याने १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं, दुसऱ्याच दिवशी कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर वाढलं. काउंटरवर एकच बोललं जायचं: लस नाही म्हणून अंतर वाढवलं. त्यामागे शास्त्रीय कारणही होतं, पण ते सांगणाऱ्यावर तेव्हा कोणाचा विश्वास नव्हता. मला २०१८ च्या काकू आठवल्या. साठा किती, कोणाला, का, हे रोज सकाळी केंद्राच्या दारावर ठळक लिहिलं गेलं असतं, तर पहाटे चारला चपला ठेवून नंबर लावायची वेळ निदान काही म्हाताऱ्यांवर आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

स्मार्टफोन नसलेल्यांची नोंदणी मी संध्याकाळी काउंटरवर करून द्यायचे. आणि त्याच मे महिन्यात राज्याच्या बालरोगतज्ज्ञांच्या कृतिदलाने सुचवलं की पावसाळ्याआधी मुलांना फ्लूची लस द्यावी. एका आठवड्यात फ्लूच्या लशीला अशी मागणी आली की होलसेलवाले पुन्हा फोन उचलेनात. त्या वेळी मात्र मी कपाटातून २०१८ ची वही काढली, पुढच्या कोऱ्या पानावर तोच क्रम उतरवला, फळा पुसून काउंटरवर ठेवला.

तेव्हापासून वही कपाटात जात नाही. मार्च संपला की मी जुनी पानं उघडते आणि फोन करायला बसते. मधुमेहवाले, दमेकरी, नव्याने दिवस गेलेल्या बायका, ज्यांची चिठ्ठी माझ्याकडे येते ते सगळे. गरोदर बाईला आधी सरकारी केंद्राचा पत्ता आणि वार सांगते. उत्तरं साधारण ठरलेली असतात. "आत्ता? उन्हाळा चाललाय, ताई." "पोरीचं लग्न आहे, मग बघू." "मागच्या वर्षी घेतली की." मागच्या वर्षीची यंदा का चालत नाही हे मी परत पहिल्यापासून सांगते. तो अंबडचा सुपरवायझर आता पहिल्या फोनलाच येतो, आईला बरोबर घेऊन, आणि बरोबर आणखी दोघा-तिघांना आणतो. आजी एकट्या येतात. आजोबा मागल्या वर्षी गेले, वयाने.

यंदा होलसेलवाल्याने विचारलं, "मॅडम, किती टाकू? मागच्या वेळेइतक्याच ना?" मी दुपटीने सांगितलं. तो म्हणाला, उरल्या तर परत घेणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. शनिवारपर्यंत आकडा पक्का करायचा आहे, त्यातली निम्मी नावं वहीत आहेत, उरलेल्यांना आज संध्याकाळपासून फोन लावते आहे.